शहापूरच्या वरातीत वाजलेलं गाणं

१

शुक्रवारी दुपारी पावणेचार वाजता वाचनालयाच्या माडीवरची ढोलकी मध्येच थांबली. खाली वर्तमानपत्रांच्या घड्या घालत बसलेल्या सेवकराम गभणेंना त्यात नवं काही वाटलं नाही. चार महिन्यांपासून ती तीन पोरं वरच्या खोलीत तालीम करत होती, आणि दर दहा मिनिटांनी कुठल्या तरी वादापायी ढोलकी थांबतच असे. पण वाद म्हटला की आवाज येतो. आज बराच वेळ आवाजच आला नाही. मग गुंजनचा आला. गाताना कधी न फुटणारा तिचा आवाज आज फुटला होता.

"बाहेरच्या कोणी नेलं असतं तं एवढं लागलं नसतं मले. पण तू, मनिष?"

जिन्यावर पावलं वाजली. मनिष ढोलकी खांद्याला लावून खाली उतरला. सव्वीस वर्षांचा, टायरच्या दुकानात काम करणारा हा पोरगा वाचनालयात शिरताना नेहमी चपला बाहेर काढून मगच आत येई. आज तो चपला हातात घेऊनच दारापर्यंत गेला.

"मी जाऊन राहिलो काकाजी. आता येणार नाही."

"काय झालं बाबा?"

"चोर झालो मी. वर विचारा."

वर विचारायला जाण्याचं धाडस सेवकरामांना झालं नसतं. पण गुंजनच खाली आली, मागोमाग गिटारवाला निकेश. गुंजननं मोबाइल टेबलावर ठेवला. त्यात कालची एक वरात होती. शहापूरला हायवेच्या कडेनं चाललेली, पुढे ढोल बडवणारी धुमाळ पार्टी, मध्ये नवरदेव, मागे बाया. धुमाळच्या ढोलांवर कोणीतरी बेंजो वाजवत होतं.

सेवकरामांनी कान दिला आणि ते दचकले. ती चाल त्यांच्या ओळखीची होती. चार महिने माडीच्या फळ्यांमधून तीच चाल खाली झिरपत होती.

"माझं गाणं आहे हे," गुंजन म्हणाली. "नेटवर टाकलं नाही, रेकॉर्ड केलं नाही. पुढच्या शनिवारी पहिल्यांदा लोकांसमोर म्हणणार होती. आणि बेंजो कोण वाजवून राहिला, माहीत आहे? कुंदन. मनिषचा सख्खा मावसभाऊ."

"पण आणखी कोणी ऐकलं असन..."

"चारच जणांनी ऐकलं, काकाजी. मी, निकेश, मनिष."

"आणि चौथं?"

गुंजननं एकदा निकेशकडे पाहिलं.

"चौथे तुमी."

२

त्या संध्याकाळी सेवकरामांना चहा गोड लागला नाही. जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं भांडारात माल मोजण्याची नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस. आठ वर्षांपासून वाचनालय बिनपगारी सांभाळत होता, कारण पुस्तकांना आपल्याशी बोलायचं नसतं हे त्याला फार बरं वाटे. आणि आज कोणीतरी त्याच्याकडे संशयितांपैकी एक म्हणून पाहिलं होतं.

"विमला," त्यांनी बायकोला विचारलं, "मी कधी गुणगुणतो का? नकळत, बाजारात वगैरे?"

विमलाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमी? स्वतःच्या लग्नात उखाणा घ्या म्हटलं तं तुमाले घाम फुटला होता. आणि गुणगुणले असाल तरी तुमच्या गळ्यातून गेलेलं गाणं चोराले ओळखू तरी आलं असतं का?"

सेवकरामांना हा पुरावा पटला, आणि थोडा लागलाही.

शनिवारी सकाळी फॅक्टरीच्या बसला अजून अवकाश होता तेवढ्यात निकेश वाचनालयात येऊन बसला. तो फॅक्टरीत कंत्राटी कामाला होता, आणि या सगळ्या खटाटोपाचा व्यवस्थापकही तोच. दारावर त्यानंच चिकटवलेला कागद होता: 'भंडाऱ्याचे शनिवार. स्वतःची गाणी, स्वतःच्या आवाजात.' खाली तीन कार्यक्रम. पहिला यांचा, म्हणजे 'पांदण' या त्रिकुटाचा. दुसरा तुमसरच्या दोघा भावांचा, तिसरा गोंदियाच्या चार पोरींचा. तिन्ही वाचनालयाच्या अंगणात. भंडाऱ्यात वरात, भजन आणि ऑर्केस्ट्रा सोडून कोणी आपलं स्वतःचं गाणं म्हणेल आणि लोक ते ऐकायला बसतील, हे आजवर कोणी करून पाहिलं नव्हतं.

"गुंजननं काल आमच्या ग्रुपवर लिहिलं," निकेश म्हणाला. "दोनशे लोक आहेत त्यात. मनिषनं गाणं भावाले दिलं म्हणून. आता मनिष येत नाही, आणि आठ दिवसांत दुसरा ढोलकीवाला मी कुठून आणू? पहिलाच कार्यक्रम पडला तं तुमसरवाले न् गोंदियावाले कायले येतील? आणि मनिषले तं या गावात कोणी संगं घेणार नाही. तुमी छडा लावा, काकाजी."

"मी?"

"तुमी दिवसभर रहस्यकथाच वाचता न."

"वाचतो बाबा. पण एकाही पुस्तकात खुनी मले आधी ओळखू आला नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"मंग एखादं तं बरोबर येईनच," असं म्हणून निकेश बस पकडायला पळाला.

३

सेवकरामांनी सुरुवात स्वतःच्या टेबलापासून केली, कारण तिथून सुरू करायला कोणाशी बोलावं लागत नव्हतं. तालमीला येताना तिघांनी आपापले मोबाइल त्यांच्या खणात ठेवायचे, हा गुंजनचा नियम होता. काल ती उशिरा धावत आली आणि मोबाइल घेऊनच वर गेली, तेवढा एक अपवाद. म्हणजे गाणं रेकॉर्ड होऊन बाहेर गेलं नव्हतं. गेलं असेल तर कुणाच्या तरी डोक्यातून.

मग ते टायरच्या दुकानात गेले. मनिष ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. सेवकराम बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी मनिषलाच राहवलं नाही.

"तुमीच सांगा काकाजी. त्या गाण्याचा ताल लंगडा आहे. प्रत्येक ओळ संपली का एक ठोका रिकामा जातो. मी तिले महिनाभर म्हणून राहिलो, हे सरळ कर, माझा हात हवेत राहते. ती ऐकत नाही. जे गाणं मलेच नीट वाजवता येत नाही, ते मी कुंदनले शिकवीन?"

"कुंदनले विचारलं का?"

"फोन केलो. तो राजनांदगावले लग्नात आहे, बुधवारशिवाय येत नाही. हसला तो. म्हणे, अबे ते तं जुनंच गाणं आहे, बायांनी फर्माइश केली म्हणून वाजवलो. मी गुंजनले सांगतलो. ती म्हणते, जुनं आहे तं दाखव. आता कुठून दाखवू? नेटवर तं कुठंच नाही."

त्यानं ट्यूब पाण्याबाहेर काढली. पंक्चर सापडलं नव्हतं. त्यानं ती पुन्हा बुडवली.

"चोर म्हटलं त्याचं नाही एवढं. दोनशे लोकांत म्हटलं."

गुंजन संध्याकाळी वाचनालयात भेटली. ती मूळची पवनीची, विणकरांच्या घरातली. इथं खोली घेऊन शिकवण्या करायची. सेवकरामांनी तिला एकच प्रश्न विचारला, तोही खूप घुटमळून.

"हे गाणं तुले सुचलं कसं?"

तिचा चेहरा पहिल्यांदा निवळला. "दिवाळीत पवनीले गेली होती. सकाळी ओसरीवर अर्धवट झोपेत पडली होती, आणि चाल आली. बाकीची गाणी मी घासून-पुसून करते, दहा वेळा बदलवते. हे पूरंच आलं. एक सूर इकडचा तिकडं करावा लागला नाही. बोल मंग लिहिले, महिनाभर. चालीले हात नाही लावला."

"आणि तो रिकामा ठोका?"

"तो तसाच पायजे."

"काहून?"

"ते मले नाही माहीत, काकाजी," ती म्हणाली, आणि मग जरा घाबरल्यासारखी, "पण माझं आहे ते. माझं पहिलं गाणं आहे."

४

रविवारी वाचनालय बंद असतं. सेवकरामांनी दार आतून लावलं आणि निकेशनं पाठवलेली ती वरात एकोणीस वेळा पाहिली.

पहिल्या पाच वेळा त्यांना फक्त गोंगाट ऐकू आला. सहाव्या वेळी त्यांनी फॅक्टरीतल्या सवयीनं कागदावर रेघा ओढायला सुरुवात केली. चालीचं नवं वळण आलं की एक रेघ. गुंजनच्या गाण्यात दोन वळणं होती, एक खालचं, एक मधलं. माडीखाली बसून ती त्यांना तोंडपाठ झाली होती. कुंदनच्या बेंजोवरही ती दोन होती, रिकाम्या ठोक्यासकट. पण वरात मांडवाच्या दारात पोचली तेव्हा बेंजो अचानक वर चढला आणि एक तिसरंच वळण वाजलं, उंच आणि मोकळं.

सेवकरामांनी कागदाकडे पाहिलं. तीन रेघा.

भांडारात चौतीस वर्षांत ते एकच गोष्ट शिकले होते. मोजताना माल कमी भरला तर कोणीतरी नेला असं म्हणता येतं. जास्त भरला तर मात्र चोर शोधत बसायचं नाही. मोजणाऱ्यानं सुरुवातच चुकीच्या ठिकाणाहून केलेली असते. ज्या गाण्यात दोन वळणं आहेत ते चोरून कोणाकडे तीन कशी होतील?

'कुंदननं पदरचं जोडलं असेल,' त्यांनी लगेच स्वतःलाच उत्तर दिलं. असं उत्तर देण्यात ते पटाईत होते. आयुष्यात त्यांना सुचलेली प्रत्येक चांगली गोष्ट त्यांनी स्वतःच आधी खोडून काढली होती. तरी ते परत पाहत राहिले, बेंजोवाल्याकडे नाही, मागे चालणाऱ्या बायांकडे. त्यांत चार म्हाताऱ्या एका ओळीत होत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या, नाचत नव्हत्या. फक्त कमरेत जरा वाकून चालत होत्या.

एकोणिसाव्या वेळी त्यांना दिसलं. प्रत्येक ओळीनंतर, तो ठोका रिकामा गेला की, चौघींचे पाय एकदम हलत होते.

आख्खी वरात पुढे चालली होती, आणि त्या चौघी दर ठोक्याला एक पाऊल मागे टाकत होत्या.

५

"चार-दोन महिन्यांत चोरलेल्या गाण्यावर म्हाताऱ्या बायांचे पाय कसे पडतील?" सेवकरामांनी विमलाबाईंना विचारलं. "पायाले गाणं शिकायले वर्षं लागते."

"मंग जाऊन विचारा न त्याहिले."

"मी? अनोळखी बायांले?"

विमलाबाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला. "चला. मी येते. तुमी फक्त माझ्यामागं उभे राहा."

शहापूरला लग्नघर सापडायला वेळ लागला नाही. मांडवाचे बांबू अजून दारातच पडले होते. त्या चौघींपैकी एक, नवरदेवाची मोठी आत्या मंगलाबाई, ओट्यावर बसली होती. विमलाबाईंनी मोबाइल तिच्यासमोर धरला.

"हे आमचंच!" मंगलाबाई हसली. "त्या कुंदनले मीच म्हटली, का रे, तुह्या मायनं इतके रोवणे केले आमच्यासंगं, आन् तुले रोवण्याचं गानं येत नाही? वाजव. वाजवलं पोरानं."

"रोवण्याचं?" विमलाबाईंच्या मागून सेवकरामांचा आवाज आला.

"होय जी. धान रोवतानी बाई मागं मागं सरकते न? पुढं गेली तं आपलेच रोवलेले धानाचे परे तुडवन. ओळीतल्या साऱ्याजनीनं एकदमच मागं सरकाव लागते, नाही तं ओळ वाकडी होते. म्हनून मंधात एक जागा रिकामी. तोंड बंद, पाय मागं. मंग पुढची ओळ."

"आणि ते शेवटचं, उंच वळण?"

"ते वावरातली शेवटची बांधी रोवून सरली का. चिखलातून धुऱ्यावर पाय ठेवला का म्हनाचं. त्याच्या आधी म्हनलं तं काम अर्धं राहते म्हनतेत. वरात मांडवाले लागली, म्हनून त्या दिवशी चाललं."

सेवकरामांना हुरूप आला. मनिष सुटला होता. निकेशला लगेच फोन करावा असं त्यांना वाटलं. पण पुस्तकांनी त्यांना एक सवय लावली होती: उत्तर मिळालं की त्याच्या मागे उरलेला प्रश्न पाहायचा. पवनीच्या विणकराच्या घरात वाढलेली, धानाच्या बांधीत कधी पाय न घातलेली पोरगी. तिच्या झोपेत रोवण्याची चाल कुठून आली? आणि आली तर तिसरं वळण का आलं नाही?

"हे गाणं तुमाले कोणी शिकवलं?"

"सत्यभामाबाईनं. पवनीकडची. आमच्या टोळीची मुकादम होती ती. आखाड लागला का टेम्पोत बसून गावोगाव रोवण्याले नेई आमाले."

"आणि बाकीचे महिने? रोवणा तं दीड महिन्याचा."

"बाकीचे महिने?" मंगलाबाईनं आठवून पाहिलं. "पवनीले कोष्ट्याच्या घरी कांड्या भरे. सुताच्या."

सेवकराम ओट्याच्या कडेवर बसले. कोणी बसा म्हटलेलं नसताना.

६

परतीच्या बसमध्ये नागपूर नाका आला तेव्हा सेवकराम म्हणाले, "हे तिले सांगू नये असं वाटते मले."

"काहून?"

"तेवीस वर्षांची पोर आहे. माझं पहिलं गाणं म्हणते. ते तिच्याकडून काढून घेणारा मी कोण? उद्या ती कधी काही करणारच नाही, भिऊन. मले माहीत आहे ते भिणं."

विमलाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "आणि मनिषचं काय?" त्या म्हणाल्या. "तो टायरच्या दुकानात चोर म्हणून बसून राहीन, तुमी हिचं मन जपत बसा."

सेवकरामांनी मग त्याच संध्याकाळी गुंजनला सांगितलं. वाचनालयाच्या टेबलावर कागद ठेवला, तीन रेघा दाखवल्या, मागे सरकणारे पाय दाखवले. गुंजन ऐकत गेली. तिसऱ्या रेघेपर्यंत ती हुज्जत घालत होती. पावलं पाहिल्यावर थांबली.

"तुमच्या घरी कांड्या भरायले कोणी येत होतं का? तू लहान असताना?"

"सत्याबाई," गुंजन म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला. "मी तीन वर्षांची होती तेव्हा सोडलं तिनं. मले तिचा चेहराही आठवत नाही. आई सांगते तेवढंच."

"चेहरा विसरतो माणूस."

"म्हणजे चोर मीच?"

सेवकरामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चोराले माहीत असते, आपण चोरून राहिलो म्हणून. तुले माहीत नव्हतं." मग त्यांना वाटलं, हे फार सोपं झालं. "पण मनिषवर आळ घेतला तो पुरावा नाही हे माहीत असून घेतला."

गुंजननं मान खाली घातली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

"उद्या पवनीची पहिली बस किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

७

दुसऱ्या दिवशी गुंजन आणि सेवकराम पवनीला पोचले तेव्हा सत्यभामाबाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. सत्तरीची, काळीभोर, पाठीचा कणा मात्र ताठ. गुंजननं आपल्या घराचं नाव सांगितलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"गुंजी? झोळीतली? अवो माय! काय रडत होतीस तू! एका हातानं कांड्या भराचा राट फिरवू, एका हातानं तुही झोळी हलवू. तुह्या मायले मागावरून उठता येत नव्हतं."

"तेव्हा काय म्हणत होतीस, सत्याबाई?"

म्हातारी हसली आणि म्हणू लागली. पहिलं वळण, दुसरं वळण. सेवकराम दारापाशी उभे होते. तीच चाल, पण किती सावकाश. सुतानं भरलेली कांडी हळूहळू जाड होत जावी तशी.

दुसरं वळण संपलं आणि सत्यभामाबाई थांबली.

"आणि पुढचं?" गुंजननं विचारलं.

"ते घरी नाही म्हनत. रोवणा सरल्याशिवाय ते तोंडातून काढत नव्हती मी. झोळीतल्या लेकरापुढं तं मुळीच नाही."

सेवकरामांनी स्वतःशीच मान हलवली. म्हणून दोनच. हिशेब जुळला होता. त्यांना वाटलं, आता निघावं. जुनं लोकगीत, कोणाचंच नाही आणि सगळ्यांचं. गुंजनला तसं सांगता येईल, म्हणजे तिलाही फार लागणार नाही. ते म्हणालेही, "जुनं गाणं आहे, गुंजन. पिढ्यान् पिढ्या..."

"कोन म्हनते जुनं?"

सत्यभामाबाई उठून उभी राहिली होती.

"मीनं बांधलं हे. ज्या साली बाया रोवता रोवता ओळ मोडे न् मालक शिव्या दे, त्या साली. तीन दिवस बांधीत उभी राहून बांधलं. आता जो तो म्हनते, जुनं हाय, जुनं हाय. मंगला बी तेच म्हनते. जुनं काहून? मी जित्ती हाय न अजून!"

सेवकरामांना कान तापल्यासारखे वाटले. शहापूरपासून इथपर्यंत त्यांनी सगळं बरोबर जुळवलं होतं, आणि शेवटच्या पायरीवर तेही त्याच चुकीत पडले होते. गाण्याला कोणी मालकीण असेल, ती अंगणात लाखोरी पाखडत असेल, हे त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं.

"मी याच्यावर माझे बोल लिहिले," गुंजन हळूच म्हणाली. "तुले न विचारता. शनिवारी म्हणणार होती. तू नाही म्हटलं तं नाही म्हणणार."

"म्हनून दाखव."

गुंजन म्हणाली. पवनीहून शिकायला निघालेली पोरगी, बसच्या खिडकीतून मागे जाणारी नदी, असं काहीबाही त्यात होतं. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं.

"बोल बरे हायेत," तिनं निकाल दिला. "पन घाई करतेस. कोन मागं लागलं तुह्या? म्हन शनिवारी. आन् माझं नाव सांगजो. पूरं सांगजो. सत्याबाई नाही, सत्यभामाबाई."

८

मनिषच्या दुकानात गुंजन तीनदा जाऊन आली. तो तिला स्टूल देई, चहा मागवी, आणि पंक्चर काढत राही. "ठीक आहे, समजलं," एवढंच म्हणे. शनिवारी येणार का, याला उत्तर देत नसे.

शनिवारी सहाला अंगण भरलं. दारावरच्या कागदावर निकेशनं नवी पट्टी चिकटवली होती: 'चाल: सत्यभामाबाई, पवनी. बोल: गुंजन.' पहिल्या रांगेत विमलाबाईंच्या शेजारी सत्यभामाबाई शाल पांघरून बसली होती. ढोलकीची जागा मोकळी होती. पहिली दोन गाणी गिटारवरच झाली आणि लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या, पण काहीतरी कमी आहे हे सगळ्यांनाच जाणवत होतं.

सेवकराम सर्वांत मागे, फाटकाजवळ उभे होते. बाजूला कोणीतरी मोटरसायकल लावली. पाहिलं तर मनिष. ढोलकी खांद्याला होती, पण कव्हरात, दोरी आवळलेली.

"बसायले आलो नाही," तो पुटपुटला. "इकडून जाऊन राहिलो होतो."

समोर गुंजननं माईक हातात घेतला होता.

"पुढचं गाणं म्हणायच्या आधी एक सांगायचं आहे. मी एका माणसाले चोर म्हटलं. हे गाणं त्यानं बाहेर दिलं म्हणून. त्यानं दिलं नव्हतं. ते मुळात माझंच नव्हतं, सत्यभामाबाईचं होतं, आणि लहानपणी ऐकून माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी कोणाले विचारलं नाही, शोधलं नाही, सरळ नाव घेतलं. मनिषचं. ग्रुपवर दोनशे लोकांत घेतलं होतं, इथं दीडशे असतील. उरलेल्यांसाठी उद्या तिथंही लिहिते."

काही माना मागे वळल्या. गुंजनला तो दिसला होता की नाही, सांगता येत नव्हतं. ती बोलतच राहिली, आता तेच ते पुन्हा, शब्द अडखळत.

सेवकरामांनी मनिषकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. त्यांच्या मनात आलं, आपण इतके तर्क केले, पण आता हा माणूस काय करेल हे आपल्याला मुळीच ओळखता येत नाही.

"अवो गुंजन!" मनिष मोठ्यानं ओरडला. सगळं अंगण वळलं. "भाषण झालं असन तं गाणं सुरू कर आता. लोक थंडीनं कुडकुडून राहिले."

कोणीतरी हसलं, मग बरेच जण. आणि माणसांमधून वाट काढत, चालता चालताच ढोलकीच्या कव्हराची दोरी सोडत, तो पुढे निघाला.